पाजलेल्या कोकराचं गणित

माझ्या पहिल्या नोकरीत माझा हुद्दा ‘कॉम्प्युटर’ असा होता. आजकालच्या पोरांना हे सांगितलं की ती माझ्याकडे संशयानं बघतात. पण त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे माणूसच असे, दिवसभर आकडेमोड करणारं माणूस. माझ्या टेबलावर एक लोखंडी यंत्र होतं. गुणाकाराला त्याचं हँडल पुढे फिरवायचं, भागाकाराला मागे, आणि मागे फिरवताना एक फेरा जास्त झाला की आतली घंटी वाजायची. संध्याकाळपर्यंत उजवा खांदा भरून यायचा. मेंढ्या राखणाऱ्या बायकांना माझी फार कीव येई. शिकलीसवरली बाई आणि बसून दळण दळते, असं त्या आपसांत म्हणत, आणि त्यात फारसं काही चूक नव्हतं.

साठ सालाच्या मागेपुढची ही गोष्ट. दौंडच्या अलीकडे, एका उघड्या माळावर मेंढ्यांचा सरकारी फार्म होता. वारा फिरला की दौंड स्टेशनातल्या इंजिनांच्या शिट्ट्या आमच्या कचेरीत ऐकू यायच्या. फार्मवर आपल्याकडच्याच मेंढ्या होत्या, काळ्या, राठ लोकरीच्या, घोंगडीच्या कामाच्या. जास्त लोकर देणाऱ्या मेंढ्यांची पोरंही जास्त लोकर देतात का, हे सरकारला हवं होतं. म्हणजे एका मेंढीत नि दुसरीत जो फरक दिसतो, त्यातला किती रक्तातून आलेला आणि किती चाऱ्यापाण्यातून, पाळण्यातून आलेला. साहेब त्याला आनुवंशिकतेचं प्रमाण म्हणत. मी मनात ‘रक्ताचा वाटा’ म्हणायची.

आईला ही नोकरी मुळीच आवडली नव्हती. आम्ही शिरूरच्या मिशन कंपाऊंडात राहायचो. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. मी पुण्याला कॉलेजात असतानाच ते गेले. आई मुलींच्या बोर्डिंगात शिवण शिकवायची. बोर्डिंगातल्या गणिताच्या बाई म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि त्यांची जागा आईनं माझ्यासाठी मनात धरून ठेवली होती. फार्मच्या नेमणुकीचं तिला कळलं तेव्हा तिनं एकेक कारण काढलं. एवढं शिकून मेंढरांत जाणार. एस.टी.च्या धक्क्यांनी हाडं खिळखिळी होणार. त्या माळावर रविवारी प्रार्थनेला कुठं जाणार. माझ्या नाकावर राग जन्मापासून बसलेला आहे. मी म्हटलं, जाणार म्हणजे जाणार.

खरं कारण तिनं काढलंच नाही, पण ते मला ठाऊक होतं. एका दुष्काळी साली घोड नदीच्या काठी मेंढरांचा तळ पडला होता. तळावरची एक बाई बाळंतपणात तापानं फणफणली. तिला मिशनच्या दवाखान्यात आणलं, पण ती वाचली नाही. तिच्या नवऱ्यानं ते मूल दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या हातात दिलं आणि मेंढरांमागे निघून गेला. ते मूल म्हणजे मी. मास्तर आणि मास्तरीणबाईंनी मला घरी नेलं.

हे कंपाऊंडात सगळ्यांना माहीत होतं. लहानपणी बोर्डिंगातल्या एका मुलीनं भांडणात मला ‘मेंढरातली’ म्हटलं, मी तिची वेणी ओढली आणि घरी येऊन आईला विचारलं. आईनं होतं तेवढं सगळं सांगितलं. मात्र सांगताना हातातलं शिवण खाली ठेवलं नाही, आणि नंतर आम्ही दोघी त्या विषयावर कधी बोललो नाही. चर्चमागच्या दफनभूमीत एक वीतभर कबर होती. ती माझ्या आधी झालेल्या बहिणीची, जन्मून थोड्याच दिवसांत गेलेली, एवढं मला माहीत होतं. नाताळच्या आधी आई तिथं शेवंती ठेवायची आणि परतताना माझा हात जरा घट्ट धरायची.

आता मी मेंढपाळांतच जाऊन बसणार होते. कुणी तरी माझ्या तोंडाकडे बघेल, ही आमच्यातल्या अमक्याची म्हणेल, हक्क सांगेल आणि मी उठून जाईन, ही तिची भीती. आणि कामाचं स्वरूप कळलं तेव्हा तर त्या भीतीला पायच फुटले. तिच्या लेकीला सरकार पगार देणार होतं ते रक्तातून काय काय येतं हे मोजायला.

आमचे साहेब तरुण होते, संख्याशास्त्र शिकून आलेले, आणि स्वभावानं इतके गरीब की शिपायालाही ‘आपण जरा पाणी आणता का’ म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात ते मला बाहेर मेंढ्या कोंडायच्या जाळीपाशी घेऊन गेले आणि दोन रीती समजावून दिल्या.

पहिली रीत बापांची. प्रत्येक एडक्याला ठरावीक मेंढ्या नेमून द्यायच्या आणि हंगामापासून कोकरांच्या कानात नंबराचा बिल्ला पडेपर्यंत त्यांना वेगळ्या कुंपणात ठेवायचं, म्हणजे कोकराच्या बापाबद्दल शंका उरत नाही. मग एका बापाची पण वेगवेगळ्या आयांची कोकरं मोठी झाली की त्यांची लोकर कातरून तोलायची. ही सावत्र भावंडं आपसांत सारखी आणि दुसऱ्या बापाच्या भावंडांहून वेगळी निघाली, तर रक्ताचा वाटा मोठा. सावत्र भावंडांत रक्ताचा पाव हिस्साच सामाईक असतो, म्हणून त्या सारखेपणाला चारनं गुणायचं. दुसरी रीत आयांची. आईची लोकर एका बाजूला मांडायची, तिच्या लेकीची दुसऱ्या बाजूला, आणि बघायचं की आईची छटाकभर जास्त असेल तर लेकीची किती जास्त भरते. लेकीला आईकडून निम्मंच मिळतं, म्हणून त्या उत्तराची दुप्पट करायची. दोन्ही रीतींची उत्तरं साधारण जवळ यायला हवीत.

‘आपल्याकडे बापही पक्का आणि आईही पक्की. माणसांत एवढी सोय कुठं असते,’ साहेब म्हणाले आणि स्वतःच लाजून चष्मा पुसत बसले. त्यांना माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. मला हसू आलं आणि ते मी गिळलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. हा आकडा कळपाचा असतो. एक मेंढी पुढं धरून हिच्यात रक्ताचं किती नि चाऱ्याचं किती असं विचारायचं नाही. त्या प्रश्नाला उत्तरच नसतं. शिवाय आकडा या माळाचा, या सालांचा. चारा बदलला, दुष्काळ आला, की त्याच मेंढ्यांत तो वेगळा येईल.

माझ्या आधीच्या हंगामांतली कोकरं तेव्हा कातरणीला आली होती. लोकर तोलली गेली, वजनांचे कागद माझ्या टेबलावर आले आणि मी हँडल फिरवायला लागले. बापांच्या रीतीनं रक्ताचा वाटा चांगला घसघशीत निघाला. आयांच्या रीतीनं जवळजवळ काहीच निघालं नाही. दाट लोकरीच्या आईची लेक विरळ आणि विरळ आईची दाट, असा सगळा गोंधळ. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, ‘आपण एकदा पुन्हा करून पाहाल का?’

माझा पारा चढला. यापेक्षा ते ओरडले असते तर परवडलं असतं. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. तेच उत्तर. मग हट्टानं आणखी एकदा केलं आणि कागद त्यांच्यापुढे जरा जोरातच ठेवला. ते म्हणाले, मग गणित बरोबर आहे आणि मेंढ्या चुकतायत.

दर शनिवारी मी न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एस.टी.नं शिरूरला घरी जायची. आई स्टँडवर उभी असायची. मी येणार हे ठाऊक असूनही गाडी दिसेपर्यंत तिचा जीव भांड्यात पडत नसे. मग घरी जाताना रस्ताभर ती बोर्डिंगातल्या जागेचा विषय काढायची आणि मी एस.टी.च्या धुळीचा. त्या शनिवारी मात्र मी चिडलेलीच होते. जेवायला बसल्यावर तिला सांगून टाकलं की आयांचा वाटा शून्यावर येतोय आणि मला वेड लागायची पाळी आलीय.

वाढता वाढता तिचा हात थांबला. ‘म्हंजी आईकडनं काईच येत न्हाई?’

मी म्हटलं, रक्ताच्या आईकडून लोकर येत नाही असं दिसतंय, पण ते खरं नसणार, कुठंतरी घोळ आहे. घोळाचं तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. त्या दिवशी तिनं मला न विचारता दोनदा वाढलं. मी ते सगळं खाल्लं. बिचारी मेंढीच्या लोकरीत आपलं नशीब बघत होती.

मग भांडी आवरून ती मशीनवर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘कळपाचं न्हाई ईचारत. एकीचंच सांग. एकीत रक्ताचं किती आन् पाळणारीचं किती, ह्ये निघतं का तुमच्या त्या यंत्रातनं?’

मी तिला तिच्याच शिवणाच्या वर्गातलं उदाहरण दिलं. समज, तू सगळ्या मुलींना एकाच ताग्यातलं कापड दिलंस, तर त्यांच्या झबल्यांत जो फरक पडेल तो हातांचा. एकीला मलमल आणि एकीला मांजरपाट दिलंस तर फरकात कापडही आलं, आणि हाताचा वाटा आपोआप कमी दिसेल. हे वर्गाबद्दल सांगता येतं. पण एकच झबलं उचलून यात कापड किती आणि हात किती असं मी विचारलं, तर तू सांगशील?

तिनं पायडलवरचा पाय थांबवला. ‘न्हाई सांगता येत,’ ती म्हणाली. ‘दोनीबी आख्खं लागतं.’ आणि मशीन पुन्हा सुरू झालं. तिचं समाधान झालं नव्हतं. तिला गणित नकोच होतं.

घोळ सापडला तो थंडीत, कोकरं होण्याच्या हंगामात. फार्मवर मेंढ्या राखायला मेंढपाळांचीच कुटुंबं ठेवली होती आणि त्यांच्यात एक वडीलधारे होते, त्यांना सगळे आबा म्हणत. मीही म्हणायची. एके सकाळी कानांतल्या बिल्ल्यांचे नंबर ताडून बघायला मी जाळीत गेले, तर एक कोकरू विचित्रच दिसलं. अंगावर दोन कातडी. आपल्या कातड्यावर दुसऱ्या कोकराचं कातडं, पुढचे पाय दोन भोकांतून बाहेर काढलेले, पोटाखाली सुतळीनं बांधलेलं. आणि एक मेंढी त्याच्या शेपटाशी नाक नेऊन वास घेत, अगदी निवांतपणे त्याला पाजत होती.

मी आबांना विचारलं, हे काय. त्यांनी सांगितलं त्यात त्यांना काही नवल वाटत नव्हतं. या मेंढीचं कोकरू पहाटे मेलं. हे कोकरू याच कुंपणातलं, त्याची आई काल गेली. मेंढी परक्या कोकराला थारा देत नाही, लाथा घालते. म्हणून तिच्या मेलेल्या कोकराचं कातडं या पोरक्या कोकराला घालायचं. वास आपल्याच पोराचा आला की ती उभी राहते. चार दिवसांत तिचं दूध त्याच्या पोटात जातं, त्याच्या अंगाला तिच्या दुधाचा वास यायला लागतो, मग कातडं काढून टाकलं तरी चालतं. आधीच्या हंगामांत रोगानं बऱ्याच मेंढ्या आणि कोकरं गेली होती, त्यामुळं असं पुष्कळदा करावं लागलं होतं.

माझ्या डोक्यात ट्यूब हळूहळू पेटत होती. कानात बिल्ला कधी घालता, मी विचारलं. पाचवी झाल्यावर, आबा म्हणाले. जन्मलेल्या कोकराच्या कानाला पाच दिवस हत्यार लावायचं नाही, ही त्यांची रीत. आणि बिल्ला घालताना त्याची आई म्हणून कुठली मेंढी दाखवता? आबांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं, बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना अशा नजरेनं. जी पाजते ती. दुसरी कुठली दाखवणार? कुणी त्यांना वेगळं विचारलंच नव्हतं, आणि त्यांच्या रीतीत वेगळं काही नव्हतंही. चार घरांची मेंढरं एकत्र चरायला निघतात तेव्हा असं कोकरू ज्याच्या मेंढीला लावलं त्याचंच होतं. त्याच्यावर त्याच्या घरची खूण पडते आणि मूळ मालक ते पुन्हा मागत नाही.

मी धावत कचेरीत गेले. साहेबांनी सगळं ऐकलं, बाहेर येऊन ते दोन कातड्यांचं कोकरू डोळे भरून पाहिलं, आणि दगडावर बसून इतके हसले की आबाही हसायला लागले. आम्ही एकीची लोकर दुसरीच्या लेकीशी जुळवत होतो आणि जुळत नाही म्हणून यंत्राला बोल लावत होतो. बापांना वेगळ्या कुंपणात ठेवून डोळ्यांत तेल घालून पहारा केला आणि आयांकडे कुणी बघितलंच नाही.

साहेबांचा पहिला विचार कातडं बांधणं बंद करायचा होता, पण तो त्यांनी स्वतःच सोडून दिला. कोकरं मारून गणित सुधारायचं नाही, असं ते म्हणाले. दुसरा विचार, जन्मल्या दिवशीच बिल्ला घालावा. त्याला मेंढपाळ बायका तयार होईनात. शेवटी तोडगा त्यांच्याच रीतीतून निघाला. कोकराला दृष्ट लागू नये म्हणून जन्मल्याबरोबर गळ्यात काळा दोरा बांधतातच. त्या दोऱ्यात पोटच्या आईच्या नंबराची पत्र्याची चकती ओवायची आणि पाचवीनंतर कानात पाजणाऱ्या आईच्या नंबराचा बिल्ला घालायचा. माझ्या कागदावर आता आईची दोन घरं झाली.

मग गणित बोलायला लागलं. कोकरांचं दूध तोडताना केलेली वजनं पाजणाऱ्या आईवर गेली. जिला भरपूर दूध, तिचं कोकरू गुटगुटीत, मग ते कुणाच्याही पोटचं असो. पुढं कातरणी झाली तेव्हा लोकर मात्र पोटच्या आईवर गेली, आणि आयांच्या रीतीचं उत्तर बापांच्या रीतीच्या जवळ येऊन बसलं. साहेबांनी त्या दिवशी स्टेशनवरून जिलेबी मागवली. मला बाजूला घेऊन ते म्हणाले की ही पाजलेली कोकरं म्हणजे चूक नव्हतीच. रक्त आणि दूध एरवी कायम एकत्र येतात आणि वेगळे मोजता येत नाहीत. इथं मेंढपाळांनी ते आपल्यासाठी वेगळे करून ठेवलेत.

घरी आल्यावर मी हे सगळं आईला सांगितलं. कातड्याचं ऐकताना ती उठून आत गेली. मला वाटलं तिला किळस आली. ती परत आली, आणि वजन पाजणारीवर गेलं हे ऐकल्यावर तिनं मान हलवली. लोकर पोटच्या आईवर गेली हे सांगताना मी अडखळले, पण तीच म्हणाली, ‘आसंल की. तुझ्या केसावर माझं तेल कवा टिकलंय.’ हसून म्हणाली, तरी भीती गेली नव्हती. तेवढ्यात बोर्डिंगातल्या गणिताच्या बाई खरोखरच निवृत्त झाल्या, आणि सोमवारी सकाळी मला एस.टी.त बसवताना आईनं एकदम सांगितलं की या हंगामात तिला फार्म बघायला यायचंय.

ती आली तेव्हा तिच्या हातात एक मोठी रिकामी पिशवी होती. माझ्या लुगड्यांपुरती, पुस्तकांपुरती. मी ती बघितली आणि ओळखलं. ती मला न्यायला आली होती. रागावून काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण धुळीनं माखलेले तिचे पाय बघून आधी पाण्याचा तांब्या आणला. तिनं फाट्यापासून माळ पायी तुडवला होता.

आबा जाळीपाशी होते. आईला बघून ते म्हणाले, ‘या, आक्का. लांबनं येताना बघितलं तवाच वळखलं, ह्या आमच्या बाईंची आई म्हून. चालणं एकच हाय.’

आई थबकली. आम्ही दोघी पाय जरा आत टाकून, घाईत चालतो, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. तिला बहुधा वाटलं की म्हातारा थट्टा करतोय. पण आबांचा थट्टेचा सूर नव्हता; ते कळपाकडे बघत होते.

त्या दिवशी जाळीत एक कातडं घातलेलं कोकरू होतं. आई कुंपणाशी उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. मेंढी वास घ्यायची, थांबायची, पुन्हा वास घ्यायची. मग एकदाची ती स्थिर उभी राहिली आणि कोकराची शेपटी दुधाबरोबर थरथरायला लागली.

‘आन् समजा, ह्याचा मूळ मालक मागारी आला तर?’ आईनं विचारलं. आवाज तिचा नेहमीचाच होता, पण कुंपणाच्या बांबूवर तिची बोटं पांढरी पडली होती.

‘आमच्यात येत न्हाई,’ आबा म्हणाले. ‘आन् आलाच तर लांबनं बघून जाईल. मागायचा न्हाई. दुसऱ्याच्या मेंढीनं पाजलंय, ते आता तिचं हाय. मागितलं तर चार लोकांत त्येचीच मान खाली जाईल.’

आईनं किती वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला कोण जाणे. मला वाटलं, घोड नदीच्या काठापासूनचा असावा. ती माझ्याकडे वळली.

‘तुला आणलं तवा ती जाऊन तीन दिवस झालते,’ ती म्हणाली. ती म्हणजे शेवंतीच्या कबरीतली, हे तिला सांगावं लागलं नाही. ‘माझ्या अंगाला दूध होतं आन् प्यायला कुणी न्हवतं. तू रडत हुतीस, आन् मी तुला हातात घेईना. मग तुझ्या बापानं तिचं झबलं आणून तुला घातलं. मी तिच्यासाठी शिवलेलं. मग घेतलं मी.’

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. लहानपणी आजारी पडले की आई मला कुशीत घेऊन माझ्या मानेशी नाक खुपसायची, ते मला आठवलं. इतकी वर्षं मी समजत होते, ताप बघते.

आबांना आमचं सगळं कळलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी दुसरीकडे पाहिलं आणि आपल्या परीनं आईला धीर दिला. ‘काळजी नगा करू, आक्का. चार दिसांत कातडं काढलं तरी मेंढीला कळत न्हाई.’

‘कळतं, आबा,’ आई म्हणाली. ‘तिला पयल्याच दिवशी कळतं.’

 एस.टी.ची वेळ झाली होती. फाट्यापर्यंत आम्ही दोघी चालत गेलो, माळावर कुणी बघत असतं तर त्याला दोन्ही चाली सारख्याच दिसल्या असत्या. गाडी आली, ती चढली, खिडकीपाशी बसली आणि मला म्हणाली की बोर्डिंगात दुसरी कुणीतरी बघायला सांगते, तू शनिवारी वेळेवर ये. मांडीवर तिनं ती पिशवी घडी करून ठेवली होती, आणली तशीच रिकामी.